जपानी लिपि आणि संगणकाचे अंक

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें संगणकावर रोज मराठी लिहितात. परंतु संगणकास अक्षर म्हणून कांहीं कळत नाहीं, त्यास कळतो तो केवळ अंक. प्रत्येक अक्षरास एक अंक नेमून द्यावयाचा व तो सर्वांनीं पाळावयाचा, एवढाच हा करार. आपला ‘अ’ आज जगभर २३०९ ह्या अंकानें ओळखला जातो. इंग्रजीस हा करार सोपा गेला. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या कोष्टकांत अवघ्या १२८ जागा होत्या, व त्या पुरल्या.

जपानांत मात्र तीन लिप्या एकाच ओळींत नांदतात. हिरागाना व काताकाना ह्या उच्चारानुसारी असून प्रत्येकीचीं मूळ अक्षरें ४६ आहेत. तिसरी चीनकडून आलेली कांजी. तिचीं नित्य व्यवहारासाठीं म्हणून सरकारनें २०१० सालीं नेमलेलीं चिन्हेंच २,१३६ भरतात. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. काना अक्षरांचा क्रम अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध भिक्षूंनीं सिद्धम् लिपीच्या अध्ययनांतून आपल्या वर्णमालेचा हा क्रम तिकडे रुजविला. ‘ह’ मध्येंच कसा, असें कोणी विचारील. तर त्याचा प्राचीन उच्चार ‘प’ होता, म्हणून तो ‘म’च्या शेजारीं पवर्गाच्या स्थानीं बसला आहे!

१९६९ सालच्या जपानी कोष्टकांत काताकानाच काय ती बसली. कांजीस जागा मिळाली १९७८ सालीं. ९४ ओळी व प्रत्येक ओळींत ९४ घरें, म्हणजे ८,८३६ जागांचा पट आंखून त्यांत ६,३४९ कांजी मांडल्या. पैकीं नेहमीच्या २,९६५ उच्चारानुसार, म्हणजे पर्यायानें आपल्याच वर्णक्रमानें लावल्या. बाकीच्या चिन्हांच्या घटकांवरून.

एवढी चिन्हें जमवितांना गांवांच्या नांवांचा एक मोठा ग्रंथहि धुंडाळण्यांत आला. शिगा प्रांतांत आकेबीबारा नांवाचें स्थळ आहे. त्याच्या पहिल्या चिन्हांत वर ‘डोंगर’ व खालीं ‘स्त्री’ असते. तें चिन्ह हाताशीं नसल्यानें कोणीं दोन कागदी तुकडे एकाखालीं एक चिकटविले. नक्कल काढतांना त्यांच्या कडेची सावली उमटली, आणि पाहणारांनीं ती आडवी रेघच समजली. अशा रीतीनें कोणत्याहि कोशांत ज्याचा ह्या नांवाशीं संबंध नाहीं असें चिन्ह पटावर आलें. १९९७ सालच्या सुधारणेच्या वेळीं कसून छाननी झाली तेव्हां हा उलगडा झाला. अशा चिन्हांस तिकडे ‘भुतांचीं अक्षरें’ म्हणतात. एकाचा तर पत्ता अद्यापि लागलेला नाहीं. शाळेंत मुलानें एक रेघ अधिक दिली कीं आम्ही गुण कापीत असूं. येथें रेघेसच अंक मिळाला.

मध्यंतरीं एकाच पटाचे अंक लिहिण्याच्या तीन निरनिराळ्या रीती रूढ झाल्या. एका रीतीनें लिहिलेलें पत्र दुसरीनें उघडलें कीं अर्थहीन चिन्हांचा पाऊस पडे. ह्या विकारास जपानींत ‘मोजिबाके’, म्हणजे अक्षरांचें रूप पालटणें, असें नांव आहे. १९९१ सालीं सर्व लिप्यांस एकच कोष्टक देणारा युनिकोड निघाला. त्यांत चीन, जपान व कोरिया येथील समान चिन्हें एकत्र करून पुढल्या वर्षीं २०,९०२ अंक दिले. जपानांत ह्यावर बरीच कुरकुर झाली, व ती आम्हांस अगदींच अनाठायीं वाटत नाहीं. ‘सरळ’ ह्या अर्थाचें चिन्ह चिनी व जपानी माणूस निराळें काढतो, परंतु अंक एकच.

आडनांवांचा प्रश्न ह्याहून नाजूक. ‘ताकाहाशी’ह्यांतील ‘ताका’ कांहीं घराणीं नेहमीच्या रीतीनें लिहितात, कांहीं मधला भाग शिडीसारखा काढतात. जुन्या पटावर शिडीचा ‘ताका’ नव्हता. तेव्हां वाडवडिलांनीं लिहिलेलें नांव यंत्रावर उमटविण्यास दुसऱ्याच घराण्याचें अक्षर उसनें घ्यावें लागे. युनिकोडांत दोघे शेजारीं आहेत, ३९६४० आणि ३९६४१. आणि आकेबीबाराचें खरें चिन्ह? दिलेला अंक परत घ्यावयाचा नाहीं असा युनिकोडचा नियम असल्यानें सावलीचें चिन्ह २२९३९ ह्या अंकावर कायमचें बसलें आहे. खऱ्यास २००१ सालीं जागा मिळाली, तिचा अंक १३६८८४.