स्पायन कॉपच्या पायथ्याशी

चेन्नईचे टी. नगर म्हटले, की डोळ्यांपुढे येते ती रंगनाथन स्ट्रीटवरची तुडुंब गर्दी, कांजीवरम साड्यांची झगमगती दुकाने आणि लग्नाच्या खरेदीला आलेली कुटुंबेच्या कुटुंबे. पण याच टी. नगरात ठणिकाचलम रोडवर दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेची वास्तू आहे. १९४६च्या जानेवारीत सभेच्या रौप्यमहोत्सवासाठी गांधीजी येथे मुक्कामाला होते. त्यांच्या सायंप्रार्थनेला गावोगावची तमिळ माणसे लोटली होती.

योगायोग पाहा! त्याच्या बरोबर ४६ वर्षे आधी, जानेवारीच्या त्याच आठवड्यात, हजारो मैल दूर आफ्रिकेतल्या एका टेकडीच्या पायथ्याशी गांधीजी अशाच तमिळ माणसांच्या सोबतीने उभे होते. मात्र तेथे प्रार्थना नव्हती. तेथे होते तोफांचे आवाज, विव्हळणारे जखमी आणि खांद्यावर घ्यायचे स्ट्रेचर.

मद्रासहून निघालेली माणसे

१८६०मध्ये ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रास बंदरातून निघाले आणि १६ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला लागले. नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारावर नेलेल्या भारतीयांची ही पहिली खेप. कराराला इंग्रजीत म्हणतात ॲग्रीमेंट. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि ही माणसे झाली ‘गिरमिटिया’. पुढच्या पन्नास वर्षांत सुमारे दीड लाख माणसे नाताळात गेली. त्यांतली बहुसंख्य मद्रास इलाख्यातली होती.

ऑक्टोबर १८९९मध्ये तेथे इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध पेटले. गांधीजी तेव्हा तीस वर्षांचे, दरबानमध्ये वकिली करणारे. मनातून त्यांना बोअरांविषयी सहानुभूती वाटत होती. पण ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क मागायचे, तर संकटाच्या वेळी कर्तव्यही केले पाहिजे, असा त्यांचा विचार. त्यांनी जखमींची सेवा करण्याची तयारी दाखवली. सुरुवातीला सरकारने नकार दिला. भारतीय माणसे युद्धभूमीवर काय टिकणार, अशी गोऱ्यांची समजूत होती. डॉ. बूथ यांनी मात्र शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण दिले, धीर दिला आणि पुढे ते स्वतःही पथकाबरोबर गेले.

युद्धात इंग्रजांची पीछेहाट होऊ लागली, तशी माणसांची गरज भासू लागली. अखेर परवानगी मिळाली. पथकात जमले सुमारे ११०० लोक. सुमारे चाळीस प्रमुख, स्वतंत्र भारतीय तीनशेच्या आसपास आणि बाकी सारे गिरमिटिया. प्रमुखांनी एक पैसाही घेतला नाही. गिरमिटियांना मजुरी मिळत होती; त्यांना मळेवाल्यांच्या संमतीने पाठवण्यात आले होते. मग त्यांना स्वयंसेवक म्हणायचे का? या प्रश्नाचे उत्तर पुढे त्या टेकडीच्या पायथ्याशी मिळाले.

अट होती, पण...

पथकाला एक अट घालून दिली होती. गोळीबाराच्या टप्प्यात त्यांनी जायचे नाही. मागे थांबायचे, तेथवर आणलेले जखमी उचलायचे आणि इस्पितळात पोहोचवायचे. १५ डिसेंबर १८९९ला कोलेन्सोच्या लढाईत त्यांनी हे काम चोख केले. मग काही दिवस पथकाला घरी पाठवण्यात आले. जानेवारीत पुन्हा बोलावणे आले.

परदेशी सेवेला गेलेल्या कोणालाही विचारा, अखेरचे दिवस निवांत जावेत, असेच त्याला वाटत असते. काम आवरावे, सोबत्यांचा निरोप घ्यावा आणि घरची वाट धरावी. या पथकाच्या सेवेचे अखेरचे पर्व मात्र फार वेगळे निघाले.

लेडीस्मिथ शहराला बोअरांचा वेढा होता. तो फोडण्यासाठी जनरल बुलरच्या सैन्याला तुगेला नदीपलीकडचे डोंगर ओलांडायचे होते. त्यांतलीच एक टेकडी स्पायन कॉप, म्हणजे टेहळणीची टेकडी. २३ जानेवारी १९००च्या रात्री सुमारे १७०० इंग्रज सैनिक दाट धुक्यात वर चढले. माथा हाती आला, असे त्यांना वाटले. खडकाळ जमिनीत जेमतेम उथळ खंदक खणला गेला. सकाळी धुके विरले आणि घात झाला. आपण भलत्याच, उघड्या जागी आहोत आणि आजूबाजूच्या टेकड्यांवरून बोअरांच्या तोफा-बंदुका थेट आपल्यावर रोखलेल्या आहेत, हे तेव्हा त्यांना कळले.

नंतर उरला तो निव्वळ गोंधळ. सेनानी जनरल वुडगेट सकाळीच प्राणघातक जखमी झाले. त्यांच्यानंतर हुकूम कोणाचा चालायचा, हेच ठरेना. खालून एकाची नेमणूक झाली, दुसऱ्या अधिकाऱ्याला त्याचा पत्ताच नाही! भर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या कडक उन्हाळ्यात, वर पाणी पुरेना. एकाच उभ्या पायवाटेने कुमक वर चढत होती आणि जखमी खाली उतरत होते. रात्री उरलेले इंग्रज सैनिक माथा सोडून खाली आले. गंमत अशी, की बोअरांतलेही बरेच जण हताश होऊन मागे फिरले होते. पहाटे टेकडीवर होते ते फक्त मृत आणि जखमी.

अशा वेळी भारतीय पथकाकडे निरोप आला. गांधीजींनी तो नोंदवून ठेवला आहे. आशय असा : अटीप्रमाणे तुम्ही धोका पत्करायला बांधलेले नाही. पण रणभूमीवरून जखमी उचलून आणाल, तर सरकार आभारी होईल. हुकूम नव्हता, विनंती होती. नाही म्हणायची पूर्ण मोकळीक होती.

पथक गेले. तोफेच्या माऱ्यात सापडू शकेल अशा तरत्या पुलावरून नदी ओलांडून गेले. मळ्यात मुकादमाच्या धाकाखाली राबणारी माणसे येथे आपल्या मनाने पुढे झाली. स्वयंसेवक कोणाला म्हणायचे, याचे उत्तर हेच नव्हे का?

पंचवीस मैलांची वाट

जखमींना छावणीतल्या इस्पितळात आणायचे आणि तेथून फ्रिअरच्या तळावर न्यायचे. अंतर वीस ते पंचवीस मैल, रस्ता खडबडीत. स्ट्रेचर हिंदकळला, की जखमी कळवळायचा. खांदे बदलत, पाय जपून टाकत हे अंतर एका दिवसात कापायचे. त्यांनी वाहून नेलेल्यांत जनरल वुडगेटही होते. मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

व्हेअर स्टेंट या पत्रकाराने पुढे एक आठवण लिहिली. धिप्पाड माणसांनाही मोडून टाकणाऱ्या त्या रात्रीनंतर सकाळी त्याला गांधीजी रस्त्याच्या कडेला लष्करी बिस्किट खात बसलेले दिसले. साऱ्या सैन्यावर उदासीनता पसरली होती. गांधीजी मात्र शांत होते, उमेद टिकवून होते.

थोड्याच दिवसांत पथक विसर्जित झाले. एकूण सेवा सुमारे सहा आठवड्यांची. बुलरने आपल्या खलित्यात पथकाच्या कामाची वाखाणणी केली, प्रमुखांना पदके मिळाली. आणि ते शेकडो गिरमिटिया? ते पुन्हा मळ्यांवर गेले. त्यांची नावे कोणाच्या ओठांवर राहिली नाहीत. करार संपलेल्या गिरमिटियांवर लादलेला तीन पौंडांचा जाचक करही तसाच राहिला. तो जायला १९१३चा मोठा संप आणि १९१४ साल उजाडावे लागले. ज्या राजनिष्ठेपोटी ही सेवा केली, तिच्यावरचा गांधीजींचा विश्वासही पुढे उडाला. १९२०मध्ये त्यांनी बोअर युद्धाचे पदक सरकारला परत केले.

पदक परत करता आले, ऋण मात्र ते विसरले नाहीत. १९१५मध्ये आफ्रिकेहून परतल्यावर ते मद्रासला आले. सत्कारसभेत त्यांनी सांगितले, की या लोकांना मी प्रेरणा दिली असे तुम्ही म्हणता, पण खरे तर त्यांनीच मला प्रेरणा दिली.

टी. नगरला साडीखरेदीला गेलात, तर घटकाभर ठणिकाचलम रोडवरही वळा. १९४६च्या त्या प्रार्थनेला जमलेल्यांत मळ्यांवर गेलेल्यांची कोणी नातवंडे असतील का? असतीलही. त्यांच्या आजोबांनी एका परक्या देशात, हुकूम नसताना, परक्या माणसांना खांदा दिला होता.