प्रकाशाची किल्ली आणि जीवनसत्त्व ‘अ’

दिवेलागणीनंतर मूल अंगणात अडखळू लागले, ताटातील घास चाचपू लागले, तरी ‘अजून लहान आहे’ असे म्हणून घरातील मंडळी ती गोष्ट सोडून देतात. कासू परिसरातील व पेण-रोहा तालुक्यांतील वाड्यापाड्यांवरील पालकांनी ही खूण हलकी मानू नये, म्हणून तिच्यामागील शास्त्र येथे थोडक्यात देत आहोत.

मंद उजेडात दिसावे यासाठी डोळ्याच्या पडद्यात ‘ऱ्होडॉप्सिन’ हे द्रव्य असते. ऑप्सिन नावाचे प्रथिन आणि त्याच्या पोकळीत बसलेला रेटिनल हा लहानसा रेणू मिळून ते बनते. अंधारात हा रेणू वाकलेला असतो. प्रकाश पडताच तो सरळ होतो. त्यासरशी प्रथिनाचा आकार बदलून ते कार्यान्वित होते व मेंदूकडे संदेश जातो. कुलपात किल्ली फिरावी तसाच हा प्रकार. दृष्टीच्या या रसायनाचा उलगडा करणारे जॉर्ज वॉल्ड हे १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

रेटिनल जीवनसत्त्व ‘अ’पासून तयार होते. यकृतातील त्याची शिल्लक संपली की कुलूप असते, पण किल्ली नसते. प्रथम रातांधळेपणा येतो, पुढे डोळे कोरडे पडतात आणि अखेर बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ पडून कायमचे अंधत्व येऊ शकते. रातांधळेपणा वेळीच उपचार केल्यास बरा होतो. गेलेला पडदा मात्र परत येत नाही.

यासाठी १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात १ लाख एकक, दीड वर्षाच्या सुमारास २ लाख व नंतर दर सहा महिन्यांनी तितकीच, अशा पाच वर्षांपर्यंत ९ मात्रा विनामूल्य मिळतात. जादा मात्रा अपायकारक असल्याने ती स्वतःच्या मनाने देऊ नये. आहारात शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पपई, आंबा असावा.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, पॅरिसमध्ये पडद्याच्या आनुवंशिक विकाराने अंध झालेल्या एका रुग्णाच्या डोळ्यात शेवाळातील प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक घालण्यात आले. विशेष चष्म्याच्या साहाय्याने त्यांना टेबलावरील वस्तू शोधून मोजता आल्या. त्या प्रथिनालाही रेटिनलचीच किल्ली लागते.

असे महागडे उपचार सर्वांपर्यंत पोहोचतील तेव्हा पोहोचोत. चमचाभर औषधाने टळणारे अंधत्व आजच टाळता येते. देणगीदारांच्या साहाय्याचा व पालकांच्या दक्षतेचा याहून चांगला विनियोग नाही, असे आम्हांस नम्रपणे वाटते.