सहकुटुंब जलपर्यटन आणि प्रवास विमा

मुंबईहून जहाजाने गोवा किंवा लक्षद्वीपला जाण्याचा बेत आखणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील कुटुंबांनी विमा निवडताना केवळ हप्ता पाहू नये, असे आम्ही सुचवितो.

घरचा मेडिक्लेम मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो. जहाजावरील उपचारांचे बिल मात्र सहसा तेथेच भरावे लागते. लक्षद्वीपमधील गंभीर रुग्णास हवाई मार्गाने कोचीला हलविण्याची वेळ येते. हा खर्च पॉलिसीत समाविष्ट आहे का, हे प्रथम पाहावे.

दुसरे, जहाज कोणासाठी थांबत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हे आपणांस स्मरत असेल. रेल्वे बंद पडून जहाज चुकल्यास भरपाई मिळेल का, हे लेखी विचारावे.

तिसरे, आजी-आजोबांचा मधुमेह वा रक्तदाब अर्जात लपवू नये. अन्यथा दावा नाकारला जाऊ शकतो. दावा अन्यायाने नाकारल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.