ब्रेक ऑइल हे तेल नव्हे

गेल्या वर्षी गणपतीला कोकणात उतरण्याआधी घाटाच्या चढावर गाड्यांची रांग तास-दीड तास मुंगीच्या पावलांनी सरकत होती. एका वळणावर क्लच दाबला तो थेट तळाला टेकला आणि तिथेच राहिला. पहिला गिअर पडेना. मागे मालाने भरलेला ट्रक. चार जणांनी मिळून गाडी कडेला घेतली. पाऊण तासाने इंजिन निवले, दोन-तीनदा पंप करताच पेडल पहिल्यासारखे झाले! गावातल्या मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, ‘‘ऑइल कधी बदललंय?’’ पाच वर्षांत कधीच नाही.

हायड्रॉलिक क्लचमध्ये तारेऐवजी द्रव काम करतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरचा दट्ट्या द्रवावर दाब देतो. तो दाब नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि तिथला दट्ट्या क्लच सोडवतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. मास्टरचा व्यास १६ आणि स्लेव्हचा २० मिलिमीटर धरला, तर पायाचा जोर सुमारे दीडपट होतो. मात्र नळीत द्रवच हवा. वाफ किंवा हवा शिरली तर पेडल तिलाच दाबत बसते आणि क्लच जागचा हलत नाही.

ही वाफ येते कुठून? आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, ते बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल जातीचे रसायन असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते. झाकणातून, रबरी नळ्यांतूनही. ताजे डॉट-४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही हमी १५५ अंशांवर येते. पाणी वाढत गेले की उकळबिंदू आणखी उतरतो, आणि स्लेव्ह सिलिंडर तर इंजिनच्या धगीतच बसलेला. पाण्याने आतला धातूही गंजतो, खरखरीत दट्ट्या रबरी सील खातो आणि गळती सुरू होते.

‘ऑइल’ या नावाने आणखी एक घोटाळा होतो. पातळी कमी दिसली म्हणून कुणी इंजिन ऑइल ओततो. त्याने सील फुगतात आणि दुरुस्तीचे बिल कैक पटींनी वाढते. झाकणावर लिहिलेला प्रकारच घालावा, तोही सीलबंद बाटलीतला. वर्षभर फडताळात उघडी राहिलेली बाटली टाकून द्या.

क्लचची टाकी वेगळी असेल आणि पातळी उतरली असेल, तर कुठेतरी गळते आहे हे नक्की. क्लच प्लेट झिजल्याने पातळी उतरत नाही. पेडलच्या वर, पायाजवळच्या कार्पेटवर ओल आहे का पाहा. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या पोटात असतो. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवलाच, तर तोही त्याच वेळी बदलून घेणे स्वस्त पडते.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. माझा क्लच चढावर रुसला. तेच पाणी मुरलेले ऑइल उतारावर, तापलेल्या ब्रेकमध्ये उकळले असते तर? दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने दोन्हींचे ऑइल बदलले, एअर काढली. बाटलीत जमलेले जुने ऑइल काळ्या चहासारखे दिसत होते.