सायकलचा टायर घेताना

कर्जत-खालापूर भागात सायकल ही हौसेची वस्तू नाही. पहाटेची लोकल गाठणारा कामगार, खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जाणारा आपला बांधव, कशेळे-कडावच्या शाळेत जाणारी मुलगी यांचा दिवस दोन चाकांवर अवलंबून असतो. कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या मोजक्याच. पळसदरीला किंवा केळवलीला एक चुकली की हजेरीला कात्री लागलीच. तेव्हा दहा-वीस रुपये वाचवून घेतलेला हलका टायर शेवटी महागच पडतो, असे आमचे मत आहे.

दुकानदार "किती नंबर?" असे विचारतो, "रस्ता कसा?" असे विचारत नाही. आपल्या वस्तीतून निघताना मुरूम, गावात सिमेंट, पुढे डांबर आणि पावसाळ्यात त्याच डांबरातून वर आलेली खडी, असा आपला रस्ता. रोजच्या वाटेतला सर्वांत वाईट तुकडा डोळ्यांपुढे ठेवून टायर निवडावा.

जाड रबर म्हणजे आराम, हा समज चुकीचा आहे. बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. तोवर चाकांना भरीव रबर असे आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. धक्का झेलते ती हवा. म्हणून रिमवर बसत असेल तर थोडा रुंद टायर घ्यावा. मात्र मडगार्ड आणि टायर यांत बोटभर जागा उरली पाहिजे, नाहीतर भातशेतीतला चिखल अडकून चाक जाम होते.

नक्षीचे म्हणाल, तर मोठे उठावदार ठोकळे चिखलात पकड देतात, पण डांबरावर घरघरतात आणि लवकर झिजतात. मधोमध सलग पट्टा आणि कडेला ठोकळे असलेला टायर आपल्या मिश्र रस्त्याला बरा.

नंबरात मोठी गफलत होते. जुन्या काळ्या सायकलला २८ × १½ लागतो. पण '२६' या एकाच नावाची एकाहून जास्त मापे आहेत. मुलींच्या सायकलला बहुधा २६ × १⅜, तर रेंजर पद्धतीच्या सायकलला २६ × १.९५ वगैरे. पहिल्याच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसत नाही. जुन्या टायरच्या बाजूवरचा आकडा कागदावर उतरवून न्यावा. नवा टायर हाताने वाकवून पाहावा. बारीक चिरा दिसल्या तर माल जुना समजून परत करावा.

मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून ते लवकर झिजते. तरी झिजलेला टायर पुढे टाकू नये. पुढचा फुटला तर माणूस तोंडावर पडतो.

पंक्चर ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिमकडे, वारंवार होत असेल तर दोष टायरचा नसतो. रिमपट्टी सरकून आऱ्याचे टोक लागत असते. शेजारी शेजारी दोन भोके दिसली तर हवा कमी होती. टायरवर लिहिलेल्या आकड्यापुढे हवा भरू नये. खडीवर थोडी कमी, मागे तांदळाचे पोते असेल तर मागच्या चाकात जास्त ठेवावी. चार-पाच घरांनी मिळून एक पंप घेऊन विहारात ठेवला तर पहाटे दुकान उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.