आडवी सीमा, उभ्या नद्या

अरुणाचल प्रदेशाचा नकाशा उघडला की मराठी माणूस हमखास एक चूक करतो. डोंगराची धार पाणी वाटून देते, हे सह्याद्रीने आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं: धारेच्या अलीकडचं पाणी कोकणात, पलीकडचं देशावर. १९१४ साली सिमल्याच्या परिषदेत ठरलेली मॅकमहोन रेषाही साधारण याच हिशेबाने हिमालयाच्या उंच धारेवरून ओढली गेली. पण सुबनसिरी, सियांग आणि लोहित या तिन्ही नद्या तिबेटात उगम पावतात आणि ती धार फोडून खाली येतात. नदी आधीची की डोंगर आधीचा, यावर भूशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. साहेबाने रेघ आडवी मारली, मुलूख मात्र उभा चिरलेला आहे.

हा प्रदेश वाचायचा तो खोऱ्या-खोऱ्यांनीच. नेफा हे अरुणाचलचं जुनं नाव; त्या काळातल्या प्रशासकीय विभागांची नावंसुद्धा कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित, तिरप अशी नद्यांचीच होती. क्षेत्रफळ ८३,७४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडं जास्त. २०११ च्या जनगणनेत तिथली माणसं भरली जेमतेम १४ लाख. शेजारच्या खोऱ्यात जायचं तर अगदी अलीकडेपर्यंत बहुधा आसामात उतरायचं आणि दुसऱ्या नदीच्या काठाने पुन्हा वर चढायचं. इथे इतक्या भाषा का टिकल्या, याचं निम्मं उत्तर या चढउतारात आहे.

पश्चिमेला तवांग म्हणजे मोनपा लोकांचा, याकचा आणि गोंपांचा मुलूख. तिथलं पाणी भूतानातून मानस नदीला मिळतं. सुमारे १३,७०० फुटांवरची सेला खिंड बर्फाने अडली की तवांग तुटायचं. मार्च २०२४ मध्ये तिथे बोगदा सुरू झाला. सुबनसिरीच्या बाजूला झिरोचं सपाट खोरं आहे. तिथले आपातानी भाताच्या खाचरात मासेही वाढवतात, तेही नांगर न लावता.

सियांगची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. तिबेटातली त्सांगपो नामचा बरवा शिखराला वळसा घालून गायब होते; तीच खाली सियांग म्हणून येते का, हे एकोणिसाव्या शतकात कुणालाच ठाम सांगता येत नव्हतं. १८८० मध्ये सर्व्हे खात्याने किंथुप नावाच्या सिक्कीमच्या माणसाला एका लामासोबत शोधावर धाडलं. लामाने त्याला वाटेत गुलाम म्हणून विकून टाकलं. किंथुप निसटला, आणि एवढं सोसूनही कामगिरी विसरला नाही. खुणेचे ५०० ओंडके त्याने रोज पन्नास या हिशेबाने त्सांगपोत सोडले. पण ओंडके कधी सोडणार हा त्याचा निरोप वेळेत पोचलाच नव्हता. खाली ओंडक्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. १९१३ मध्ये बेली आणि मॉर्सहेड या अधिकाऱ्यांनी ते वळण पाहिलं, तेव्हा कुठे किंथुपच्या सांगण्यावर विश्वास बसला. मला तर या नदीचा खरा शोधक तोच वाटतो.

पुढे नदीने स्वतःच पुरावा दिला. एप्रिल २००० मध्ये तिबेटात यिगाँग इथे दरड कोसळून पाणी तुंबलं, जूनमध्ये बांध फुटला आणि पूर पासीघाटपर्यंत आला. आता वरच्या अंगाला मेदोगमध्ये चीनने जुलै २०२५ मध्ये प्रचंड धरणाचं काम सुरू केलं आहे. उत्तर म्हणून खाली आपलं धरण बांधायचा प्रस्ताव आहे, आणि काठावरच्या आदी जमातीच्या अनेक गावांना तो नको आहे. दोन्ही धरणांच्या मध्ये आपण सापडणार, ही त्यांची भीती मला तरी अनाठायी वाटत नाही.

पूर्वेला दिबांग-लोहितचा मिशमी मुलूख. १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपाने इथले डोंगर अक्षरशः सोलून काढले. दक्षिणेला तिरप-चांगलांगकडे वळलं की हिमालय संपतो. पटकाईच्या बुटक्या रांगा म्यानमारला भिडतात, आणि नामदाफाच्या एकाच जंगलात २०० मीटरपासून साडेचार हजार मीटरपर्यंतची उंची सापडते.

जायचं असेल तर एका खेपेला एकच नदी धरा. आणि इनर लाइन परमिट आधी काढून ठेवा. १८७३ च्या कायद्यातून आलेला हा परवाना तिथे आजही लागतो.