वारसा रक्ताचा की कसबाचा?

आपल्या समाजात नोकरीबरोबरच स्वतःचा व्यवसाय करणारी पिढी आता उभी राहिली आहे. कुणाचे गॅरेज आहे, कुणाचा छापखाना आहे, कुणी बांधकामाचे ठेके घेतो, तर कुणी शिवणकामाचे दुकान चालवितो. व्यवसाय उभा करताना किती कष्ट पडतात याविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण उभा केलेला व्यवसाय पुढे कुणाच्या हाती आणि कसा सोपवावा, याविषयी फारसे बोलले जात नाही. बहुधा मालक अंथरुणाला खिळल्यावरच हा विषय निघतो आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ज्या घराण्याने हा प्रश्न चौदाशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या हाताळला, त्याची माहिती सभासद बंधुभगिनी व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावी असे आम्हांला वाटले.

हे घराणे जपानमधील ओसाका शहरातले, मंदिरे बांधणाऱ्या सुतारांचे. त्यांच्या पेढीचे नाव कोंगो गुमी. सहाव्या शतकात बौद्ध धम्म कोरियातून जपानमध्ये पोहोचला, तेव्हा विहार बांधण्याची विद्या तेथील सुतारांना अवगत नव्हती. पेढीच्या परंपरेनुसार इ. स. ५७८ मध्ये कोरियातील पैक्चे राज्यातून जे कारागीर बोलाविण्यात आले, त्यांच्यापैकी एक या घराण्याचा मूळ पुरुष होय. पुढे राजपुत्र शोतोकु याने ५९३ मध्ये शितेन्नोजी हे बौद्ध मंदिर बांधावयास घेतले. त्याच्या बांधकामाची व देखभालीची जबाबदारी या घराण्याकडे आली. मंदिर १५७६ मध्ये लढाईत जळाले, १८०१ मध्ये विजेच्या आगीत जळाले. प्रत्येक वेळी ते पुन्हा उभे राहिले.

इतका दीर्घकाळ एकाच घराण्यात काम कसे टिकले? याची तीन कारणे आम्हांला दिसतात.

पहिले कारण म्हणजे प्रमुखाची निवड. थोरला मुलगा म्हणून गादी त्याचीच, असा नियम येथे नव्हता. तो लायक नसेल तर धाकट्याला पुढे आणीत. मुलगे लायक नसतील तर कुशल जावयाला दत्तक घेऊन घराण्याचे नाव देत. १९३२ मध्ये ३७ व्या प्रमुखाने आर्थिक विवंचनेतून जीवनाचा अंत करून घेतला. तेव्हा त्यांची पत्नी योशिए ३८ वी प्रमुख झाली. दोनच वर्षांत, १९३४ च्या प्रचंड वादळात शितेन्नोजीचा पाच मजली मनोरा कोसळला. तो पुन्हा उभारण्याचे काम या बाईंनी हाती घेतले आणि १९४० मध्ये पूर्ण केले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो मनोरा जळाला. पण पेढी टिकून राहिली.

दुसरे कारण म्हणजे शिस्त लिहून ठेवण्याची पद्धत. एदो काळात (१६०३ ते १८६८) ३२ वे प्रमुख योशिसादा यांनी आपल्या वंशजांसाठी सोळा कलमांचे मृत्युपत्र लिहिले. दारूचा अतिरेक टाळावा, ऐपतीबाहेर राहू नये, लोकांच्या उपयोगी पडावे, अशी साधी पण नेमकी समज त्यात दिलेली आहे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. येथे विद्या एकट्या मालकाच्या डोक्यात राहिली नाही. सुतारांचे वेगवेगळे गट असतात, प्रत्येक गटाचा मुकादम असतो आणि नवीन मुलाला सुमारे दहा वर्षे उमेदवारी करावी लागते. त्यामुळे काम शेकडो हातांत जिवंत राहिले.

काळाप्रमाणे ही पेढी बदललीही. १८६८ नंतर जपानी सरकारच्या धोरणामुळे बौद्ध मंदिरांचे उत्पन्न आटले, तेव्हा पेढीने इतर इमारतींची कामे घेतली. दुसऱ्या महायुद्धात मंदिरांची कामे बंद पडली, तेव्हा तिने लाकडी पेट्या बनविल्या. १९५५ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली. पुढे सिमेंट काँक्रीट आले, संगणकावर आराखडे काढणे आले. साधने बदलली, मूळ विद्या मात्र तीच राहिली.

मग घात कशाने झाला? १९८० च्या दशकात जपानमध्ये जमिनींचे भाव आकाशाला भिडले होते. पेढीने कर्जे काढून जमीनजुमल्यात पैसा गुंतविला. १९९० नंतर भाव कोसळले. मंदिरांना मिळणाऱ्या देणग्याही घटत गेल्या. कर्ज फिटेना. अखेर २००६ मध्ये कोंगो गुमीचा कारभार ताकामात्सु या बांधकाम कंपनीकडे गेला. घराण्याची मालकी संपली. परंतु नाव राहिले, सुतार राहिले आणि मंदिरांचे काम चालूच राहिले. विद्या अनेकांच्या हाती होती, म्हणूनच ती मालकाबरोबर बुडाली नाही.

येथे एक शंका कुणाच्याही मनात येईल. पिढीजात धंदा म्हटला की आपल्याला बलुतेदारी आठवते, वतनाची सक्तीची कामे आठवतात. जातिव्यवस्था माणसाची पात्रता न पाहता त्याच्या आईबापांच्या दर्जावरून त्याचे काम ठरविते, हा दोष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात स्पष्टपणे मांडला आहे. मग आपण पिढीजात व्यवसायाचे कौतुक का करावे? शंका रास्त आहे. जपानमध्येही त्या काळी जन्मावर आधारलेली उतरंड होतीच. तेव्हा हे घराणे सर्वार्थाने आदर्श मानावे असे आम्ही म्हणत नाही. पण जे टिकले ते कशाने टिकले, हे पाहिले पाहिजे. जेथे घराण्याने जन्माचा आग्रह सोडून पात्रता पाहिली, बाहेरच्याला घरात घेतले, बाईच्या हाती सूत्रे दिली, तेथेच ते तरले. ज्या कामात ना बाहेर पडता येते, ना बाहेरच्याला आत येता येते, ती बेडी होय. स्वेच्छेने शिकलेले आणि लायक माणसाला दिलेले काम हाच खरा वारसा.

म्हणून व्यवसाय करणाऱ्या सभासदांना आमचे सांगणे आहे की, हातपाय धड आहेत तोवरच आपला वारस तयार करा. गिऱ्हाईक, उधारी, देणी यांची नोंद वहीत ठेवा. ती तुमच्या डोक्यात राहिली तर तुमच्याबरोबर जाईल. मुलीला, सुनेला, दहा वर्षे इमानाने राबलेल्या कामगारालाही हिशेबाला बसवा. ज्या धंद्यातले आपल्याला कळत नाही, त्यात कर्ज काढून उडी घेऊ नका.

आणि विद्यार्थ्यांनो, वडिलांचा व्यवसाय नाकारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. तो मोठ्या संघर्षातून मिळाला आहे. मात्र नाकारण्यापूर्वी निदान एक सुट्टी त्या दुकानात बसून ते काम शिकून पाहा. पारखून घेतलेला निर्णय, मग तो होकार असो वा नकार, तुमचा स्वतःचा असेल.